टॅबलेटवर मोबाईल डेटा : सिमकार्ड कोणते, क्रमांक कोणता?

दुकानातील काचेच्या कपाटात दोन टॅबलेट शेजारी शेजारी मांडलेले असतात. कंपनी एकच, पडद्याचा आकार एकच, रंगही तोच; किमतीत मात्र काही हजार रुपयांचा फरक असतो. विक्रेता एका वाक्यात खुलासा करतो : ‘हा वाय-फायचा आहे आणि तो सिमचा.’ घरी ब्रॉडबँड आहेच, मग सिमची गरज काय, असा विचार करून ग्राहक कमी किमतीचा टॅबलेट घेऊन जातो. काही दिवसांनी तो परगावी निघतो, आगगाडीत टॅबलेट उघडतो आणि त्या देखण्या पडद्यावर इंटरनेट नसल्याची सूचना झळकते. ‘यात सिम बसवून द्या,’ अशी विनंती एखाद्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात केली, की दुकानदार टॅबलेटच्या चारही कडा न्याहाळतो आणि नकारार्थी मान हलवतो.

ही सोय मागाहून करून घेता येत नाही. मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याशी बोलण्यासाठी उपकरणात मोडेम नावाची चिप, तिच्या जोडीला स्वतंत्र अँटेना आणि त्यांना सांभाळणारी विद्युत्-रचना असावी लागते. वाय-फायच्या टॅबलेटमध्ये हे भाग बसवलेलेच नसतात. कोणतेही सॉफ्टवेअर किंवा ॲप ही उणीव भरून काढू शकत नाही. मोबाईल डेटाच्या बाबतीत ग्राहकाला दोन निर्णय घ्यावे लागतात. त्यांतील पहिला दुकानाच्या काउंटरवरच कायमचा होऊन जातो. दुसरा निर्णय टॅबलेटमध्ये कोणता क्रमांक घालावयाचा याविषयीचा असतो. तो किरकोळ वाटतो. परंतु बँकेच्या खातेदाराला तोच अधिक महागात पडू शकतो.

पहिल्या निर्णयाला थोडा इतिहास आहे. ॲपल कंपनीचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आला तेव्हा प्रथम त्याचा केवळ वाय-फायचा प्रकार मिळू लागला आणि मोबाईल डेटाचा प्रकार त्याच महिन्याच्या अखेरीस आला. दोहोंच्या किमतीत १३० डॉलरचा फरक होता. एकाच वस्तूच्या दोन आवृत्त्या काढण्याची ही रीत पुढे जवळजवळ सर्व कंपन्यांनी उचलली. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत केंद्र सरकारने ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे अनावरण केले. विद्यार्थ्यांसाठी बनविलेल्या या सात इंची टॅबलेटमध्ये वाय-फाय होते, सिमकार्डाची सोय नव्हती. त्या काळी किती विद्यार्थ्यांच्या घरी वाय-फाय होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्पादक कंपनीने खुल्या बाजारासाठी काढलेल्या आवृत्तीत सिमकार्डाची सोय केली, यातच त्याचे उत्तर मिळते. मे २०२२ मध्ये हरियाणा सरकारने सरकारी शाळांतील दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅबलेट वाटण्यास प्रारंभ केला, तेव्हा टॅबलेटबरोबर सिमकार्ड आणि दररोज २ जीबी मोफत डेटा देण्याची योजना आखली गेली. उपकरण आणि जोडणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुसरीवाचून पहिली अर्धवट राहते, हे ध्यानात यायला मधली दहा-अकरा वर्षे लागली.

मनोऱ्यापर्यंतची वाट

सिमकार्ड घातले म्हणजे डेटा सुरू झाला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यामागे तीन ओळखी एकमेकींशी जुळाव्या लागतात. पहिली सिमकार्डाची, ती ग्राहक कोण, त्याचा क्रमांक कोणता आणि त्याने कोणते रिचार्ज केले आहे, हे कंपनीला सांगते. दुसरी उपकरणाची, प्रत्येक मोबाईलला आणि सिमच्या टॅबलेटला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. तिसरी म्हणजे एपीएन, अर्थात कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे नेणाऱ्या दाराचे नाव. जिओसाठी ते ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ आणि एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’ असे असते. ते टॅबलेटमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत भरावयाचे असते. नव्या टॅबलेटमध्ये ते बहुधा आपोआप भरले जाते. सिग्नलच्या सर्व पट्ट्या दिसत आहेत, रिचार्ज शिल्लक आहे आणि तरीही एकही पान उघडत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम सेटिंगमधील एपीएनचे नाव तपासावे. दुकानदाराकडे जाण्याचा हेलपाटा पुष्कळदा एवढ्यावरच वाचतो. काही वेळा ‘मोबाईल डेटा’ हे बटणच बंद असते. ते आधी पाहिलेले बरे.

यापुढचा प्रश्न लहरींचा आहे. भारतात ४जी सेवा ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत पसरलेली आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झालेल्या ५जी सेवेसाठी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो आणि जिओने त्याच्या जोडीला ७०० मेगाहर्ट्झचाही उपयोग केला आहे. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून सहज आत शिरतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक डेटा वाहून नेतात, परंतु लवकर क्षीण होतात. शहरातील गच्चीवर वेगवान चालणारा टॅबलेट जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात मंदावतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. बीएसएनएलची स्वदेशी तंत्रज्ञानावर उभारलेली ४जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरासाठी औपचारिकरीत्या सुरू झाली. तिच्यातही ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला महत्त्व आहे. ज्या गावात केवळ बीएसएनएलचाच मनोरा आहे तेथील ग्राहकाने टॅबलेटच्या खोक्यावरील पट्ट्यांची यादी वाचूनच खरेदी करणे शहाणपणाचे ठरेल.

ही यादी वाचण्याची गरज आणखी दोन प्रसंगी पडते. एक म्हणजे जुना टॅबलेट. २०१२-१३ च्या सुमारास घेतलेले अनेक टॅबलेट केवळ ३जीपर्यंतचे होते. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी आपली सेवा सुरू केली तीच मुळी ४जीवर. एअरटेलने २०२० मध्ये आपली ३जी सेवा देशभर बंद केली. त्यामुळे असा टॅबलेट उत्तम स्थितीत असूनही त्यात जिओचे सिम चालत नाही आणि एअरटेलचे चालले तरी २जीच्या गोगलगायीच्या गतीने. दुसरा प्रसंग परदेशातून आलेल्या भेटीचा. अमेरिकेतील मुलाने किंवा भाच्याने तेथील मोबाईल कंपनीच्या दुकानातून घेतलेला टॅबलेट त्या कंपनीपुरता कुलूपबंद असण्याची शक्यता असते. ते कुलूप तेथूनच उघडून आणावे लागते. महागड्या टॅबलेटमध्ये जगभरातील बहुतेक पट्टे सामावलेले असतात. स्वस्त आणि एका देशापुरत्या बनविलेल्या टॅबलेटची मात्र खात्री देता येत नाही.

सिमकार्ड घेताना ओळखीची पडताळणी आता बहुधा आधारवर आधारित ई-केवायसीने होते. छायाप्रती जोडलेल्या कागदी अर्जाची पद्धत जानेवारी २०२४ पासून थांबवण्यात आली आहे. टॅबलेटसाठीचे सिमही स्वतःच्याच नावावर घ्यावे. दुकानदाराने पुढे केलेले ‘आधीच चालू असलेले’ सिम कितीही सोयीचे वाटले तरी ते कोणा तिऱ्हाइताच्या नावावर असते. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्यांची मिळून ९ सिम असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा ६ आहे. टॅबलेट, मुलांचे मोबाईल, गाडीतील यंत्र, असे करीत हा आकडा अनेक घरांत अपेक्षेपेक्षा लवकर गाठला जातो. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक आहेत ते पाहता येते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रारही करता येते.

खाच नसलेले सिम

आरंभी सिमच्या खाचेचा उल्लेख आला. अलीकडे मात्र खाच नसणे म्हणजे सोय नसणे, असेही म्हणता येत नाही. २०२४ पासून बाजारात आलेल्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरच्या मोबाईल डेटाच्या प्रकारांत खाच काढून टाकण्यात आली असून ते केवळ ई-सिमवर चालतात. ई-सिम म्हणजे उपकरणातच कायम बसवलेली चिप. तिच्यावर कंपनी आपली माहिती दूरस्थपणे उतरवते. ग्राहकाला त्यासाठी बहुधा क्यूआर कोड मिळतो. तो स्कॅन करताना उपकरणाला इंटरनेट लागते. म्हणजे इंटरनेट मिळविण्यासाठी आधी इंटरनेट हवे! त्यामुळे हे काम घरच्या वाय-फायवर किंवा मोबाईलचे हॉटस्पॉट लावून करावे. तो क्यूआर कोड कोणालाही पाठवू नये. तो ज्याच्या हाती लागला त्याच्या उपकरणात तो क्रमांक जाऊ शकतो. ‘तुमचे सिम ई-सिममध्ये बदलून देतो,’ असे सांगणाऱ्या अनाहूत फोनवरून अनेकांची फसवणूक झाली आहे.

बँकेत नोंदविलेला क्रमांक

बँकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. समजा, इंदूरला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा साधासा मोबाईल आहे आणि त्यातील क्रमांक त्यांच्या पेन्शनच्या खात्याशी जोडलेला आहे. मुलाने त्यांना ई-सिमचा टॅबलेट भेट दिला. मोठा पडदा, मोठी अक्षरे. वर्तमानपत्र वाचायला आणि नातवंडांना पाहायला उत्तम. दोन रिचार्ज कशाला करावयाची, असा हिशेब करून त्यांनी मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन आपला तोच क्रमांक टॅबलेटच्या ई-सिममध्ये घालून घेतला. टॅबलेटवर डेटा सुरू झाला. त्याच क्षणी मोबाईलमधील जुने सिम मात्र कायमचे निष्क्रिय झाले, कारण एक क्रमांक एका वेळी एकाच सिममध्ये नांदू शकतो. मनगटी घड्याळासाठी तोच क्रमांक वाटून देण्याची सोय काही कंपन्यांनी केली आहे. तिच्यावरून टॅबलेटचा अंदाज बांधू नये.

यानंतरच्या घटना एकामागून एक घडतात. विजेचे बिल भरताना इंटरनेट बँकिंग ओटीपी मागते आणि तो कोठेच दिसत नाही. आयपॅडमध्ये त्यातील सिमवरून साधा कॉल करण्याची किंवा एसएमएस वाचण्याची सोयच दिलेली नाही. अँड्रॉइडच्या काही टॅबलेटवर एसएमएस येतात, काहींवर येत नाहीत. ते त्या त्या मॉडेलवर अवलंबून असते. कार्डाने खरेदी करावी तर तेथेही तोच अडसर. मोबाईलमधील यूपीआयचे ॲप उघडावे तर ते सिम सापडत नसल्याचे सांगते. शाखेत चौकशी केली असता ओटीपी पाठवल्याची नोंद दिसते, कंपनीच्या दुकानात चौकशी केली असता सिम चालू असल्याचे सांगितले जाते. दोघेही खरे बोलत असतात आणि शिक्षकांचे पैसे मात्र खात्यात असूनही हाताशी नसतात.

यूपीआयचे कारण थोडे समजून घेण्यासारखे आहे. ॲपची नोंदणी होताना ते त्याच उपकरणातील सिमवरून एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवते. हा एसएमएस कोणत्या क्रमांकावरून आला हे पाहून तो क्रमांक आणि ते उपकरण यांची गाठ बांधली जाते. अनेक बँकांची मोबाईल ॲपही हीच पद्धत वापरतात. चोराने एखाद्याचा पिन पाहिला तरी दुसऱ्याच उपकरणावरून व्यवहार करणे त्याला कठीण जावे, हा या गाठीचा उद्देश आहे. ज्या टॅबलेटवरून एसएमएस जात नाही त्यावर ही गाठ बसत नाही; हा ॲपचा दोष नव्हे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवलेल्या निर्देशांनी एसएमएसवरील ओटीपीखेरीज ओळख पटविण्याच्या इतर मार्गांनाही उत्तेजन दिले आहे. तरीही खातेदाराशी संपर्क साधण्याचा धागा म्हणून मोबाईल क्रमांकाचे स्थान अढळच आहे.

म्हणून टॅबलेटसाठी वेगळा क्रमांक घ्यावा आणि बँकेत नोंदविलेला क्रमांक, जो मोबाईल ग्राहकाच्या खिशात किंवा पर्समध्ये असतो, त्यातच ठेवावा. यात थोडा खर्च वाढतो. पोस्टपेड ग्राहकाला मूळ क्रमांकाला जोडून दुसरे सिम घेण्याची योजना पुष्कळदा मिळते. ती तुलनेने स्वस्त पडते आणि बिलही एकच येते. या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. इंटरनेट बँकिंग टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर उघडले आणि ओटीपी मोबाईलवर आला, की व्यवहाराला दोन वेगळ्या वस्तू लागतात. त्यांपैकी एकच चोरीस गेली तर चोराचे काम अर्धेच होते. शिवाय टॅबलेट ही बहुतेक घरांत सर्वांची वस्तू असते. दुपारी त्यावर नात चित्रे काढते, संध्याकाळी शेजारचा मुलगा क्रिकेट पाहतो. ओटीपी त्याच पडद्यावर झळकणार असतील तर ते तिजोरीची किल्ली दिवाणखान्यातील खुंटीला टांगून ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट होणारी चूक अधिक घातक ठरते. टॅबलेटसाठी घेतलेला नवा क्रमांक ‘आता हाच चालू आहे’ म्हणून काही ग्राहक बँकेत नोंदवितात. टॅबलेटचा उत्साह काही महिन्यांत ओसरतो, तो कपाटात जातो आणि रिचार्ज करावयाचे राहून जाते. प्रीपेड क्रमांकावरून सलग ९० दिवस कोणताही वापर झाला नाही आणि खात्यात किमान २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी तो क्रमांक बंद करू शकते. बंद झालेला क्रमांक आणखी किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. मग पेन्शन जमा झाल्याचा संदेश भलत्याच माणसाच्या हाती पडतो आणि वाईट प्रसंगी ओटीपीही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बंद झालेल्या क्रमांकांची यादी वापरून आपल्या नोंदी तपासण्यास सांगितले, त्यामागे हीच चिंता होती. बँकेकडून अशी विचारणा झाल्यास ती कटकट समजू नये. अर्थात विचारणा करणारा फोन खरोखर बँकेचाच आहे, याची खात्री शाखेतून करून घ्यावी.

सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस सेवा बंद राहते, हेही येथे सांगितले पाहिजे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये फसवणूक रोखण्यासाठी हा नियम केला. त्याच हेतूने जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर ७ दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ज्या दिवशी मुदत ठेव मोडावयाची आहे किंवा शाळेची फी भरावयाची आहे, त्या दिवशी सिम बदलण्याचे काम काढू नये.

हॉटस्पॉट : सिमला पर्याय

प्रत्येकाला सिमच्या टॅबलेटची गरज असतेच असे नाही. मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू करून वाय-फायचा टॅबलेट त्याला जोडता येतो. महिन्यातून चार-दोन वेळा प्रवास करणाऱ्याला एवढे पुरते. मोबाईलची बॅटरी भराभर उतरते आणि टॅबलेटचा सारा डेटा मोबाईलच्या योजनेतून जातो, एवढे दोन तोटे लक्षात ठेवावेत. हॉटस्पॉटला पासवर्ड घालण्यास विसरू नये. मात्र टॅबलेट घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी असेल, तर ही व्यवस्था निरुपयोगी ठरते. मोबाईलचा मालक घराबाहेर पडला, की इंटरनेटही त्याच्याबरोबर बाहेर पडते.

डेटा कोठे जातो?

दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मोबाईलवर पुरून उरतो आणि टॅबलेटवर दुपारीच संपतो, याचे अनेकांना नवल वाटते. मोठा पडदा पाहून चित्रपटांची ॲप अधिक स्पष्टतेचे चित्र पाठवतात. उच्च स्पष्टतेच्या चित्रपटाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. तोच मध्यम दर्जावर ठेवला तर एक जीबीहून कमी पुरतो. ॲपची अद्ययावत आवृत्ती उतरवणे, छायाचित्रांची प्रत क्लाउडवर ठेवणे ही कामेही मागच्या मागे चालू असतात. सेटिंगमध्ये ‘डेटा सेव्हर’ सुरू करणे आणि अद्ययावतीकरण ‘केवळ वाय-फायवर’ ठेवणे, एवढ्या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो.

दिवसाचा डेटा संपला तरी इंटरनेट पूर्ण बंद होत नाही; बहुतेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिट किंवा त्याच्या आसपास उतरतो. या वेगाने एक एमबीचे छायाचित्र पाठवायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. बँकेचे पान तेवढ्या वेळात अनेकदा मुदत संपल्याचे सांगून बंद होते. व्यवहार अर्धवट राहिला असे वाटले, तर तो पुन्हा करण्यापूर्वी खात्याचा तपशील पाहावा. पैसे पहिल्याच वेळी गेलेले असू शकतात.

परदेशी जाणाऱ्यांनी टॅबलेटमधील ‘डेटा रोमिंग’ विमानात बसण्यापूर्वी बंद करावे. मागच्या मागे चालणारी वरील कामे तेथेही चालू राहतात आणि त्यांचे बिल परदेशी दराने येते.

शाखेबाहेरची बँक

टॅबलेटचे सिम ही बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही नित्याची बाब झाली आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधींच्या माध्यमातून सेवा देण्यास अनुमती दिली. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आल्यावर बँकेचे काउंटर अक्षरशः गावाच्या पारावर गेले. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सूचना दिल्या. ठशांची पडताळणी असो वा नवे खाते, यांतील बहुतेक काम टॅबलेट किंवा तत्सम उपकरणावर आणि मोबाईल डेटावर चालते. डोंगराळ भागात एका कंपनीचा सिग्नल नसतो तेथे दुसऱ्या कंपनीचा असतो. म्हणून दोन सिमची सोय असलेले उपकरण अशा ठिकाणी विशेष उपयोगी पडते. अंथरुणाला खिळलेल्या आजींचा अंगठा टेकलेला आहे आणि पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे, हा अनुभव क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी पहिला प्रयत्न फसला की यशस्वी झाला, हे नोंदीवरून पाहिल्यावाचून दुसऱ्यांदा अंगठा घेऊ नये.

संस्थेने दिलेल्या टॅबलेटमधील सिम पुष्कळदा स्वतंत्र एपीएनवर चालते. हे दार उघड्या इंटरनेटकडे न जाता थेट संस्थेच्या जाळ्याकडे उघडते. असे सिम काढून घरच्या उपकरणात घातले तर काहीच चालत नाही आणि कार्यालयीन टॅबलेटमध्ये स्वतःचे सिम घातले तर सुरक्षिततेची सारी रचनाच बाजूला पडते. कर्जाच्या तारणाची किंवा पिकाची पाहणी करताना जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावे लागतात, त्यांनी आणखी एक बारकावा ध्यानी घ्यावा. आयपॅडच्या केवळ वाय-फायच्या प्रकारांत जीपीएस नसते. ते मोबाईल डेटाच्या प्रकारांतच मिळते.

टॅबलेट हरवला तर

सिमच्या टॅबलेटला आयएमईआय क्रमांक असतो, हे वर आले आहेच. हरवलेल्या उपकरणाचा हा क्रमांक देशातील सर्व मोबाईल जाळ्यांवर रोखून धरण्याची सीईआयआर ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रातील ग्राहकांसाठी मुंबईतून सुरू झाली आणि मे २०२३ पासून संचार साथीच्या माध्यमातून देशभर उपलब्ध आहे. वाय-फायच्या टॅबलेटला आयएमईआय नसतो, त्यामुळे तो या व्यवस्थेत बसत नाही. मोबाईलवर तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबून आयएमईआय पाहतात. टॅबलेटवर डायल करण्याची सोय नसल्यास तो सेटिंगमधील उपकरणाच्या माहितीत आणि मूळ खोक्यावर सापडतो. खरेदीच्या दिवशीच तो बिलावर लिहून घ्यावा व बिल जपून ठेवावे, कारण पोलीस तक्रारीबरोबर त्याचीही गरज भासते.

टॅबलेट हरवल्याचे लक्षात येताच प्रथम मोबाईल कंपनीला कळवून त्यातील सिम बंद करावे. टॅबलेटवर इंटरनेट बँकिंग किंवा बँकेचे ॲप वापरले जात असेल तर त्याच वेळी बँकेलाही कळवून ती सेवा थांबवावी व दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावा. त्यानंतर पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीसह सीईआयआरवर आयएमईआय रोखण्याची विनंती करावी. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा. ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणाकडून झालेला अनधिकृत व्यवहार, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास, रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्याचा भार ग्राहकावर पडत नाही. ही सूचना बहुधा एसएमएसने येते, आणि ती वेळेवर वाचली जाण्यासाठी तो क्रमांक हरवलेल्या टॅबलेटमध्ये नव्हे, हातातल्या मोबाईलमध्ये असावा लागतो.